पिवळ्या ठिपक्याची गाडी

ताईचा फोन आला तेव्हा कंपनी एका गाडीच्या मागच्या सीटवर डोळे मिटून बसला होता आणि पुढे बसलेला दाताचा डॉक्टर ॲक्सिलरेटर दाबून दाबून दमला होता.

कंपनी हे काय माणसाचं नाव झालं, असं कुणीही विचारेल. आईवडिलांनी त्याचं चांगलं ठसठशीत नाव ठेवलं होतं. ते आता विजेच्या बिलावर तेवढं उरलंय, आणि बायको फारच चिडली तर तिच्या तोंडून बाहेर पडतं. बाकी सगळं गाव त्याला कंपनी म्हणतं. "कंपनीला विचार", "कंपनीकडे मिळेल", "कंपनी जेवायला गेलीय, थोड्या वेळानं या", असं सर्रास चालतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. त्यालाही नाही.

त्याचं झालं असं. बऱ्याच वर्षांपूर्वी बाहेरून एक मोठी मोटार कंपनी आली. चौकात काचेचं शोरूम, आत थंडगार हवा, फरशी इतकी गुळगुळीत की येणारा माणूस दारातच चपला काढाव्यात का या विचारात पडायचा. आपला हा गडी तिथे सेल्समन. टाय बांधून, केस चापूनचोपून बसवून उभा. बोलणं असं गोड की गिऱ्हाइकाला वाटावं, आपण गाडी घेत नाही आहोत, घरात जावई आणतो आहोत. गाडी सगळ्यांना आवडायची. दणकट, ऐसपैस, दार लावलं की भारदस्त आवाज यायचा. पण नवी कंपनी म्हटल्यावर माणूस बिचकतोच. शेवटी सही करताना प्रत्येकजण पेन हातात धरून एकच प्रश्न विचारायचा, "पण पुढे पार्ट मिळतील ना हो?" आणि हा छातीवर हात ठेवून सांगायचा, "मी आहे ना."

एक दिवस सकाळी हा टाय बांधून कामावर गेला तर शटर खाली आणि वॉचमन स्टुलावर बसून नखं कापतोय.

"साहेब, कंपनी गेली," वॉचमन म्हणाला.

"कुठे गेली?"

"ते नाही सांगितलं."

झालं. धंदा जमला नाही म्हणून कंपनीनं चंबूगबाळं आवरलं होतं. मॅनेजरनं फोन नंबर बदलला, हिशेबनीस सासुरवाडीला गेला तो परत आलाच नाही, आणि काचेच्या शोरूमला आतून वर्तमानपत्रं चिकटली. पुढे तिथे गाद्यांचं दुकान निघालं. पण विकलेल्या गाड्या कुठे जाणार? त्या रस्त्यावरच होत्या. आणि त्यांचे मालक रविवारी सकाळी किल्ल्या हातात घेऊन या टायवाल्याच्या दारात.

तोही नंबर बदलू शकला असता. बायकोनं सुचवलंही होतं, की माझ्या माहेरी चार महिने राहून येऊ, लोक विसरतील. पण याला छातीवर ठेवलेला तो हात आठवायचा आणि झोप उडायची. शेवटी त्यानं शिवणक्लासवाल्या बाईंची गाडी स्वतःच विकत घेतली. मग आणखी एकाची. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं आवार भाड्यानं घेतलं आणि टाय खुंटीला लावला. अजून तिथेच आहे तो, पत्र्याच्या शेडमध्ये, बॅटरीच्या वायरींच्या शेजारी.

तेव्हापासून हा माणूस त्या एकाच कंपनीच्या जुन्या गाड्या घेतो. दुसरी कुठलीही, फुकट दिली तरी नाही. जी चालण्यासारखी असेल ती नीट करून गरजूला विकतो, जी अगदीच गेली असेल ती खोलतो आणि तिच्या पार्टवर बाकीच्या जगवतो. गावात आणि आसपास त्या गाड्या अजून धावतात त्या याच्या जिवावर. म्हणून लोक त्यालाच कंपनी म्हणायला लागले. खरी कंपनी तोंड लपवून गेली, हा राहिला.

त्याच्या दोन खोडी आहेत. गाडी बघायला गेला की तो बॉनेट उघडत नाही, मालकाला पुढे बसवून गाडी चालू करायला लावतो आणि आपण मागे बसतो. त्याचं म्हणणं, पुढे बसलं की माणूस स्टिअरिंगच्या मोहात पडतो आणि कान बंद होतात. मागे बसलं की कुठली खडखड कुठून येते ते नीट कळतं. शिवाय हात सीटच्या फटीत जातो. तिथे काय काय निघतं. मुलांचे खोडरबर, पडलेलं कानातलं, सिनेमाची तिकिटं. ते सगळं एका पिशवीत घालून तो मालकाच्या हातात देतो आणि मगच भावाचं बोलतो. खूप जण ती पिशवी बघितली की गाडी विकायचं रद्द करतात. बायको कपाळाला हात लावते.

दुसरी खोड ठिपक्याची. खोललेल्या गाडीचा प्रत्येक पार्ट तो स्वतः तपासतो, आणि तपासून पटला तरच त्याच्यावर पिवळा ठिपका लावतो. ठिपका नाही तो पार्ट भंगारात. हा पिवळा रंग म्हणजे नेलपॉलिश. बायकोला कुणीतरी भेट दिलं होतं. तिनं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाली, "हा रंग नखाला लावून मी काय कावीळ झाल्याचं सोंग आणू?" बाटली तशीच पडून होती, यानं उचलली. ती संपल्यावर हा बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात जाऊन तसलीच मागायला लागला. आता दुकानदारीणबाई खास याच्यासाठी मागवते. दुसरं कुणी घेतच नाही तो रंग.

तर अशा या कंपनीनं आपल्या हातानं विकलेली जवळजवळ प्रत्येक गाडी कधी ना कधी परत पाहिली होती. कुणी विकायला आणली, कुणी दुरुस्तीला, कुणी नुसतंच हॉर्न का वाजत नाही हे विचारायला. एकच गाडी कधी आली नाही. करड्या रंगाची. ती त्याच्या सख्ख्या बहिणीच्या घरी होती.

भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, वजन-मापं खात्यात इन्स्पेक्टर होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि बरोबर असला तर शिक्का मारायचे. माणूस तसाच, तोलूनमापून बोलणारा, एकदा नाही म्हटलं की नाही. त्यांनी मेव्हण्याच्या शब्दावर गाडी घेतली, तीही सगळ्यांत शेवटी, भरपूर विचार करून. आणि नंबर प्लेट लागायच्या आत कंपनी गेली. भाऊजींनी ताईला एवढंच म्हटलं, "तुझ्या भावाला आधीच ठाऊक होतं. धंद्यासाठी त्यानं आपल्याला गोवलं."

हे याच्या कानावर आलं आणि तो भडकला. मी खोटारडा? मीच वॉचमनकडून ऐकलं आणि मी खोटारडा? जाऊन सांगायचं सोडून तोही अडून बसला, की त्यांना असं वाटतंच कसं, आधी त्यांनी विचारावं. ते विचारणार नाहीत, हा सांगणार नाही. वर्षं सरली. कुठल्या कार्याला समोरासमोर आलेच तर भाऊजी ताईकडे तोंड करून म्हणायचे, "त्याला सांग, खुर्ची सरकव." आणि हा ताईला म्हणायचा, "त्यांना सांग, सरकवली." ताई मधे उभी, एकदा याच्याकडे बघणार, एकदा त्यांच्याकडे. मग तिनं सांगणंही सोडलं. हळूहळू जाणंयेणंच राहिलं नाही. तिचा फोन यायचा तो आईच्या आजारपणात, पुढे आई गेल्यावर तोही नाही.

आणि ही ताई कोण, तर जिनं याला कडेवर वाढवला. लहानपणी बसनं कुठे जायचं झालं तर खिडकीची जागा कायम याला. तिलाही खिडकी हवी असायची. बस लागायची तिला, डोळे मिटून, तोंडाला रुमाल लावून बसायची, पण "तू बस रे खिडकीत, तुला गंमत दिसेल" म्हणायची. त्याला तेव्हा काही वाटलं नाही. लहान भावाला काय वाटणार?

आता फोनवर तिचा आवाज आला तेव्हा कंपनीनं दाताच्या डॉक्टरला हातानंच खुणावून इंजिन बंद करायला सांगितलं.

"गाडी घेऊन जा," ताई म्हणाली.

"काय झालं?"

"यांची नजर गेली रे. एका डोळ्यानं दिसतच नाही, दुसऱ्यानं अंधुक. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. हे म्हणतात, दारात उभी बघवत नाही. ज्यानं दिली त्याला म्हणावं, घेऊन जा, एकदा संपू दे."

"संपू दे म्हणजे?"

"म्हणजे काय ते तूच समज," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याला समजलं. एवढी वर्षं बोलणं नव्हतं, पण दारात त्याची गाडी होती. राग का होईना, त्याच्या नावानं काहीतरी त्या घरात उभं होतं. ते ओढून आणलं की बहिणीचं घर कायमचं बंद. दाताच्या डॉक्टरची गाडी तशीच टाकून तो उठला. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "जा. आणि तिथे शहाणपणा करू नका. मान खाली घालून जा."

"गाडी आणू?"

"गाडीचं काय घेऊन बसलात. ताईंना भेटून या."

ताईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकाडाच्या अंगाला. फाटकाची कडी तीच, उचलून मग ओढायची. हात आपोआप उचलून ओढायला गेला आणि त्याला भरून आलं. पोर्चमध्ये गाडी उभी होती. त्याला वाटलं होतं, गंजलेली असेल, टायर बसलेले असतील. इतकी वर्षं कुठल्याच बहाण्यानं ती त्याच्याकडे आली नव्हती, म्हणजे पार्टवाचून कधीच मेली असणार, असंच तो धरून चालला होता. पण गाडी लख्ख होती. टायर चांगले, काचा पुसलेल्या. फक्त पुढच्या, ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या खिडकीत, काच आणि रबराच्या मधे, लाकडाची एक पाचर ठोकलेली.

ताई बाहेर आली. केस पांढरे झालेले, चष्म्याची दोरी गळ्यात. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ती म्हणाली, "वाळलास." तो म्हणाला, "तूपण."

भाऊजी पोर्चच्या कडेला खुर्चीत बसले होते. मान जराशी तिरकी, आवाज येईल त्या बाजूला कान. कंपनीनं जवळ जाऊन वाकून नमस्कार केला. ते हलले नाहीत.

"त्याला सांग," ते ताईला म्हणाले, "किल्ली आतच लावलेली आहे."

"ऐकलंय त्यानं," ताई म्हणाली.

एरवी हा मागच्या सीटवर बसला असता. पण इथे गाडी चालू करायला पुढे बसणार कोण? मालकाला दिसत नव्हतं. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गाडी घेताना आधी बॉनेट उघडलं.

उघडलं आणि बघतच राहिला.

आत सगळीकडे पिवळे ठिपके. डायनॅमोवर ठिपका, पाण्याच्या पंपावर ठिपका, रेडिएटरच्या पंख्यावर, क्लचच्या तारेवर, वायपरच्या मोटरवर. काही ठिपके उन्हानं फिके पडलेले, काही इंजिनाच्या धगीनं भाजून तपकिरी झालेले. पण हात त्याचाच. ठिपका लावल्यावर तो ब्रश उचलताना जरासा ओढतो, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याला बारीक शेपूट येतं. सगळ्यांना शेपूट होतं. इतक्या वर्षांत त्यानं हजार वेळा मनातल्या मनात ही गाडी मेलेली पाहिली होती, आणि ती जगत होती त्याच्याच आवारातून आलेल्या पार्टवर.

"हे पार्ट कुणी आणले?" त्यानं विचारलं.

ताईनं भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी तोंड दुसरीकडे केलं. मग ती म्हणाली, "मिस्त्रीनं. तो जाड चष्म्याचा नाही का, पुलाखालचा."

चष्मेवाला! तो जाड चष्म्याचा मिस्त्री गेली कित्येक वर्षं त्याच्याकडे पार्टला यायचा. कुणाची गाडी, विचारलं तर "आहे एक गिऱ्हाईक" म्हणायचा आणि विषय बदलायचा. कंपनीच्या मनात कायम शंका, की हा माल साठवतोय, उद्या दुप्पट भावानं विकणार.

"यांनी त्याच्याकडून शब्द घेतला होता, नाव सांगायचं नाही म्हणून," ताई सांगत होती. "आणि बजावून ठेवलं होतं, दुसरा कुठला पार्ट नको. पिवळा ठिपका असेल तरच बसवायचा. हे स्वतः बोट लावून बघायचे, भिंग घेऊन. आता दिसत नाही तर मला विचारतात, ठिपका आहे का गं?"

"शिक्का बघूनच वस्तू घ्यावी माणसानं," भाऊजी कुणाकडेच न बघता म्हणाले.

कंपनी बॉनेटच्या काठाला धरून उभा होता. त्याला हसावं की रडावं कळेना. ज्या माणसानं त्याचा शब्द खोटा म्हणून घराचं दार बंद केलं, तोच माणूस त्याच्या ठिपक्यावाचून एक नटसुद्धा गाडीला लावून घेत नव्हता. हा काय विश्वास झाला? आणि हा विश्वास नाही तर दुसरं काय?

तेवढ्यात त्याची नजर पुन्हा त्या पाचरीवर गेली.

"आणि ही खिडकी?"

"ती काच खाली पडली एकदा," ताई म्हणाली. "मोटर गेली म्हणे. मिस्त्री आणायला गेला होता, पण मिळाली नाही. मग हिला अशी पाचर मारून बसवली. चालतंय. उघडत नाही एवढंच."

मिळाली नाही. कंपनीला तो दिवस स्पष्ट आठवला. चष्मेवाला आला होता, पुढच्या दाराच्या काचेची मोटर मागत. त्या गाड्यांची तेवढी एकच गोष्ट मुळातच कच्ची, सगळ्यांच्या मोटरी गेलेल्या, चांगली एकच शिल्लक. ठिपका लावलेली. कंपनीनं ती घरच्या, तसल्याच गाडीला लागेल म्हणून डब्यात घालून ठेवली होती. वर चष्मेवाल्यालाच फैलावर घेतलं होतं, "एकटा माणूस किती पार्ट नेणार? दुकान थाटायचंय का तुला?" तो बिचारा चष्मा पुसत उभा राहिला आणि रिकाम्या हातानं गेला.

"कोण बसतं गं या बाजूला?" त्यानं विचारलं, आणि विचारतानाच त्याला उत्तर कळलं.

"मीच. आणखी कोण?"

"तुला अजून गाडी लागते?"

ताई हसली. "लागते की. रुमाल घेते तोंडाला."

कंपनीनं बॉनेट हळूच खाली केलं. फाटकाकडे निघाला. मागून ताई म्हणाली, "अरे, चाललास? गाडी?" भाऊजी म्हणाले, "त्याला सांग, आता बघून झाली ना, न्यायला काय झालं?" त्यानं फक्त हात वर केला.

घरी बायकोला वाटलं, भांडून आला. त्याचं तोंडच तसं झालं होतं. तो सरळ माळ्यावर चढला आणि डबे खाली काढू लागला.

"काय शोधताय?"

"काचेची मोटर."

"ती आपल्या गाडीची ना?"

त्यानं सगळं सांगितलं. डब्यातल्या मोटरवर ठिपका अजून चकचकीत होता. बायको म्हणाली, "आणि तुम्ही त्या चष्मेवाल्याला चोर म्हणत होतात. मी चहासुद्धा दिला नाही त्याला कधी." पदरानं डोळे पुसून तिनं पान्ह्यांची पिशवी त्याच्या हातात दिली. "जा आता. आणि सांगायचं ते सांगूनच या. ताईंमार्फत नको."

तो परत पोर्चमध्ये आला तेव्हा भाऊजी तिथेच बसले होते. त्यानं दाराचं आतलं पॅनेल उघडलं. पाचर काढली. ती लाकडी पाचर चांगली गुळगुळीत तासलेली होती, कडा घासून, ताईच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून. कुणी तासली असेल ते विचारायची गरज नव्हती. जुनी मोटर काढली, नवी बसवली, स्क्रू आवळता आवळता मान वर न करता तो बोलायला लागला.

"भाऊजी, मला ठाऊक नव्हतं. मला वॉचमननं सांगितलं. मी टाय बांधून गेलो होतो."

ताई दारात श्वास रोखून उभी.

"त्याला सांग," भाऊजी म्हणाले, "ते मला कधीच कळलंय. कंपनी बुडणार हे ज्याला ठाऊक असतं, तो त्याच महिन्यात स्वतःसाठी तीच गाडी घेत नाही. त्यानंही घेतली होती. हे माझ्या नंतर लक्षात आलं."

"मग बोलला का नाहीत?" ताईनं विचारलं. तिला खरोखर राग आला होता, आणि तो दोघांचाही आला होता. "इतकी वर्षं? आई गेली तेव्हासुद्धा?"

"तो का नाही बोलला, विचार."

"मी कुणालाही काही विचारणार नाही," ताई म्हणाली. "पुरे झालं तुम्हा दोघांचं. मी काय टपाल खातं आहे?"

दोघांनाही तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. एकाला तर बघून दिसलंही नसतं, पण त्यांनीही मान खाली घातली.

पॅनेल बसवून कंपनी उठला, हात पुसले. "भाऊजी, ही गाडी मी घेत नाही," तो म्हणाला. "चालू गाडी आहे, खोलायची नाही, विकायचीही नाही. चालवायला माणूस नाही, एवढाच तिचा दोष. तो पार्ट माझ्याकडे आहे. दवाखाना, बाजार, कुठे जायचं ते सांगायचं, मी येईन."

भाऊजींनी ओठ हलवले. "त्याला सांग" म्हणणार होते, पण ताईनं खाकरून घसा साफ केला आणि ते थांबले.

"काम झाल्यावर मालकाला बसवून एक फेरी मारायची असते," कंपनी म्हणाला. "आमच्यात तशी पद्धत आहे."

ताईनं भाऊजींच्या कोपराला धरून त्यांना मागच्या सीटवर बसवलं. ते बसले, आणि चाचपताना हात सीटच्या फटीत गेला, तिथे काही नव्हतं. ताई स्वतः पुढे बसली, रुमाल मुठीत घेऊन. कंपनीनं किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. लागणारच, सगळं ठिपक्याचं होतं.

फाटकाबाहेर पडून टेकाडाचा उतार लागला तशी त्यानं बोटानं बटण दाखवलं. "दाब."

ताईनं बटण दाबलं. काच थोडी अडखळली आणि मग सरळ खाली गेली, पूर्ण. वारा आत आला. तिच्या कपाळावरचे पांढरे केस उडाले. तिनं कोपर खिडकीत ठेवलं, मग हनुवटी कोपरावर, आणि रस्त्याकडे बघत राहिली. रुमाल मांडीवरून खाली पडला तेही तिच्या लक्षात आलं नाही. कंपनीला समोरचा रस्ता धूसर दिसायला लागला. त्यानं मनगटानं डोळे पुसले.

"घे," तो म्हणाला. "खिडकी तुझी."

उताराच्या तळाशी वळण होतं. तिथे आले तसे मागून भाऊजी एकदम पुढे झुकले आणि त्यांनी हात कंपनीच्या खांद्यावर ठेवला.

"हळू घे," ते म्हणाले. "पुढे खड्डा आहे."

ताईनं मान वळवून मागे बघितलं. वळणावर खड्डा नव्हता. त्यांची नजर गेल्यानंतर रस्ता नवीन झाला होता, काळा कुळकुळीत, सपाट. कंपनीनं ब्रेक दाबला. गाडी अगदी सावकाश केली, स्टिअरिंग एका बाजूला घेतलं आणि खड्डा चुकवावा तशी गाडी वळणावरून काढली.

"हो, भाऊजी," तो म्हणाला.

खांद्यावरचा हात घरी येईपर्यंत तिथेच होता.